जुन्या जीपगाडीतील विद्युत व इंजिनदोषांचे निदान

जुन्या जीपगाडीतील दोषनिदान म्हणजे संगणकीय नियंत्रण नसलेल्या, चारही चाकांना शक्ती पुरवता येणाऱ्या वाहनात इंजिन सुरू न होणे, अडखळणे, तापणे, बॅटरी उतरणे अशा बिघाडांचे मूळ कारण क्रमाने शोधून काढण्याची पद्धत होय. नव्या वाहनांत इंजिनाचा संगणक दोषाचा सांकेतिक क्रमांक दाखवतो. जुन्या जीपमध्ये अशी सोय नसल्याने लक्षण, मोजमाप आणि तर्क यांवरच विसंबावे लागते. भारतात बनलेल्या विलीज परंपरेतील महिंद्रा जीपगाड्या हे अशा वाहनांचे परिचित उदाहरण आहे.

या गाड्यांत विद्युत दोष आणि इंजिनाचे दोष पुष्कळदा एकाच लक्षणाने प्रकट होतात. सैल तारेमुळे अडखळणारे इंजिन आणि कचरा अडकलेल्या कार्बोरेटरमुळे अडखळणारे इंजिन चालकाला सारखेच जाणवते. तपासणी न करता भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो, दोष तसाच राहतो आणि काही प्रसंगी सुस्थितीतील इंजिनही निकामी होते.

## पार्श्वभूमी

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने मुंबईत अमेरिकी विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी हे प्रतिरूप भारतात दीर्घकाळ तयार होत राहिले. त्यातील सुमारे २.२ लिटर क्षमतेच्या चार सिलिंडरच्या 'हरिकेन' पेट्रोल इंजिनात आत घेणाऱ्या झडपा वरच्या हेडमध्ये, तर बाहेर सोडणाऱ्या झडपा खालच्या ब्लॉकमध्ये असतात. या रचनेमुळे इंजिन उंच झाले आणि ते सामावण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. सीजे-३बीचे ओळखीचे उंच नाक असे घडले.

डिझेल स्वस्त असल्याने पुढे डिझेल जीपना मागणी वाढली. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या रचनेचे २,११२ घन सेंमी क्षमतेचे एक्सडीपी ४.९० हे इंजिन एमएम ५४० सारख्या गाड्यांत वापरले गेले. लांब चेसिसच्या कमांडर जीपने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात 'काळी-पिवळी' म्हणून प्रवासी वाहतूक केली. यांपैकी अनेक गाड्या आजही शेतावर, घाटरस्त्यांवर आणि हौशी मंडळींकडे चालू स्थितीत आहेत. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकृत करावी लागते व त्यावेळी वाहनाची योग्यता तपासली जाते. दिवे, हॉर्न आणि धूर यांचे दोष त्यामुळे केवळ गैरसोयीचे राहत नाहीत.

## निदानाचे तत्त्व

पेट्रोल इंजिनाला चालण्यासाठी चार गोष्टी लागतात: इंधन, हवा, पुरेसे संपीडन (काँप्रेशन) आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबली गेलेली हवा इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून तेथे इंधन, हवा आणि संपीडन या तीनच गोष्टी तपासाव्या लागतात. दोष कितीही गुंतागुंतीचा भासला तरी तो यांपैकी कोणत्या तरी एका गोष्टीच्या अभावाशी येऊन थांबतो.

तपासणीचे सर्वमान्य संकेत पुढीलप्रमाणे आहेत:

* दोष दिसण्यापूर्वी गाडीवर कोणते काम झाले होते, हे प्रथम विचारावे. नुकताच हाताळलेला भाग सर्वांत आधी पाहावा.
* सोप्या व बिनखर्चाच्या तपासण्या आधी कराव्यात. इंधनाची पातळी, बॅटरीची टोके, फ्यूज आणि सुटलेल्या तारा यांनी सुरुवात करावी.
* एका वेळी एकच बदल करावा. दोन भाग एकदम बदलल्यास दोष कशामुळे गेला हे कळत नाही.
* बदललेला भाग निर्दोष आहे असे गृहीत धरू नये.

साधा मल्टिमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, फीलर गेज, प्लगपाना, काँप्रेशन गेज आणि पॉलिश पेपर एवढ्या साहित्यावर बहुतांश दोष सापडतात.

## विद्युत यंत्रणा

### बॅटरी

बारा व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट असतात. काही तास विश्रांती दिलेल्या बॅटरीच्या टोकांवरील दाबावरून तिची स्थिती साधारणपणे अशी ओळखता येते:

| विश्रांतीतील दाब | अंदाजे भारण |
|---|---|
| १२.६ व्होल्ट किंवा अधिक | पूर्ण |
| १२.४ व्होल्ट | तीन चतुर्थांश |
| १२.२ व्होल्ट | निम्मे |
| १२.० व्होल्ट | एक चतुर्थांश |

हा दाब योग्य असूनही बॅटरी दुबळी असू शकते. खरी कसोटी स्टार्टर फिरताना लागते. त्यावेळी दाब सुमारे ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या संशयास्पद ठरतात. हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजल्यास एखादाच घट मेला आहे काय, हे कळते. उष्ण प्रदेशासाठी बनवलेल्या बॅटरीत आम्ल थोडे सौम्य ठेवतात. म्हणून परदेशी पुस्तकातील आकड्यांऐवजी सहा घटांतील परस्पर फरकाकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

### अर्थ जोडणी

जीपमध्ये प्रत्येक उपकरणाला विद्युतप्रवाह नेणारी तार स्वतंत्र असते. परतीचा मार्ग मात्र बॉडी व चेसिसमधून जातो. या मार्गाला कारागीर 'अर्थ' म्हणतात. चिखल, पाणी आणि हादरे यांमुळे जुन्या जीपमध्ये हाच मार्ग सर्वांत आधी बिघडतो, आणि त्याकडेच सर्वांत शेवटी लक्ष जाते.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असल्याने ते चेसिसपासून विद्युतदृष्ट्या अलग असते. दोहोंना जोडण्यासाठी तांब्याची विणलेली पट्टी लावलेली असते. ती तुटली किंवा इंजिन बसवताना लावायची राहिली, तर स्टार्टरचा मोठा प्रवाह चोक, ॲक्सिलरेटर किंवा स्पीडोमीटर यांच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना एखादी केबल गरम होणे हे या दोषाचे निश्चित लक्षण आहे.

अर्थची तपासणी दृष्टीने न करता दाबातील घट मोजून करतात. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर फिरवतात. वाचन ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असल्यास मार्ग चांगला आहे. ते एक व्होल्टपर्यंत जात असेल, तर जोडणीची जागा चमकेपर्यंत घासून, घट्ट आवळून, वर ग्रीस लावावे लागते. रंगावर आवळलेला बोल्ट हा अर्थ नव्हे.

एक दिवा लावला असता दुसरा मंद होणे, इंडिकेटरसोबत मागील दिवा लुकलुकणे, तापमान व इंधन यांचे दोन्ही काटे एकाच वेळी चुकीचे दाखवणे ही अपुऱ्या अर्थची इतर लक्षणे होत. काट्यांच्या बाबतीत दोहोंचा समाईक विद्युतपुरवठाही तपासावा.

### स्टार्टर

'सेल्फ' म्हणून ओळखली जाणारी स्टार्टर मोटर फिरत नसल्यास पुढील दिवे लावून किल्ली फिरवतात आणि दिव्यांकडे पाहतात.

* दिवे पूर्ण विझतात: बॅटरीच्या टोकांवर गंज आहे किंवा जोडणी सैल आहे.
* दिवे बरेच मंद होतात व इंजिन जेमतेम फिरते: बॅटरी उतरली आहे, किंवा स्टार्टर वा इंजिन आतून जखडले आहे.
* दिवे तेजस्वी राहतात व 'खट्' असा आवाज येतो: सोलेनॉइडचे आतील संपर्क किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत.
* दिवे तेजस्वी राहतात व आवाजच येत नाही: किल्लीचा स्विच, सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार किंवा तिचा जोड तुटला आहे.

मोटर वेगाने फिरते पण इंजिन फिरत नाही, असेही घडते. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोन स्थितींपैकी एकीत थांबते. त्यामुळे फ्लायव्हीलच्या दातेरी कड्याचे दात त्याच जागी झिजतात. इग्निशन बंद ठेवून गाडी वरच्या गिअरमध्ये घालून थोडी ढकलल्यास इंजिन पुढे सरकते आणि तात्पुरता मार्ग निघतो.

स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये व मध्ये अर्धा ते एक मिनिट थांबावे. सलग फिरवल्यास मोटरची वेटोळी जळतात आणि मूळ दोषात दुसऱ्याची भर पडते.

### भारण यंत्रणा

इंजिन मध्यम गतीने चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दाब मिळायला हवा. तो १३ च्या खाली असल्यास भारण होत नाही. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडलेला असून बॅटरीतील पाणी आटते व दिव्यांचे बल्ब वारंवार जातात.

जुन्या जीपमध्ये डायनामो असतो. मंद गतीत त्याचा दाब पुरेसा नसल्याने कटआउट त्याला बॅटरीपासून वेगळा ठेवतो. म्हणून इंजिन सावकाश चालताना लाल दिवा लुकलुकणे हा दोष नसतो. नंतरच्या गाड्यांत अल्टरनेटर आला. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचे चुंबकन लाल दिव्यातून जाणाऱ्या प्रवाहाने मिळते. दिव्याचा बल्ब गेला की भारणही थांबू शकते. हे ठाऊक नसल्यास चांगला अल्टरनेटर बदलला जातो. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून अल्टरनेटर 'तपासण्याची' प्रथा घातक आहे, कारण दाब एकदम वाढून त्यातील डायोड जळतात.

### वायरिंग व प्रवाहगळती

मालकांनी वेळोवेळी बसवलेले हॉर्न, फॉगलॅम्प, टेप यांच्या जोडतारा हे जुन्या जीपचे दुसरे मोठे दुखणे आहे. ६० वॉटचे दोन दिवे मिळून बारा व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह घेतात. तो डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून नेल्यास स्विच तापतो. त्यासाठी रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज आवश्यक आहे. मूळ गाडीत फ्यूज मोजकेच असल्याने घासलेली तार थेट आगीचे कारण ठरू शकते.

रात्रभरात बॅटरी उतरत असल्यास सर्व काही बंद करून ऋण खांब व त्याची तार यांच्यामध्ये अँमीटर लावतात. घड्याळ वा रेडिओ नसलेल्या जीपमध्ये वाचन जवळजवळ शून्य हवे. तसे नसल्यास एकेक फ्यूज वा तार काढत जावे. ज्या तारेसरशी वाचन पडते, त्या शाखेत गळती असते. ही जोडणी असताना सेल्फ मारल्यास मीटर निकामी होतो.

## पेट्रोल इंजिन

### प्रज्वलन

इंजिन फिरते पण पेट घेत नसल्यास आधी ठिणगी पाहतात. प्लग काढून, तो त्याच्या तारेला जोडून, धातूचा भाग इंजिनाला टेकवून सेल्फ मारतात. निळसर-पांढरी, कडक आवाज करणारी ठिणगी चांगली, तर पिवळट व क्षीण ठिणगी दुबळी समजतात. काढलेल्या प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असल्याने ही तपासणी छिद्रापासून दूर करतात.

ठिणगी नसल्यास पुढचा टप्पा डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट हा असतो. त्यांचे पृष्ठभाग काळे पडले असल्यास स्वच्छ करून फट फीलर गेजने जुळवतात. ती प्रतिरूपाप्रमाणे सुमारे ०.४ ते ०.५ मिमी असते. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर दोषी असण्याचा संभव असतो. थंड असताना चालणारी आणि तापल्यावर ठिणगी सोडून देणारी कॉइल हा फसवा दोष आहे. इंजिन बंद पडते, अर्ध्या तासाने निवते आणि काही झालेच नाही असे सुरू होते.

हरिकेन इंजिनाचा प्रज्वलनक्रम १-३-४-२ असा आहे. प्लगच्या तारा काढून परत लावताना दोन तारांची अदलाबदल झाल्यास इंजिन कार्बोरेटरमधून उलट भडकते. पावसात किंवा ओढा ओलांडल्यावर बंद पडलेल्या जीपमध्ये बहुधा डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल शिरलेली असते. कोरड्या फडक्याने ती आतून पुसणे पुरेसे होते. टोपीतील केसासारखी बारीक काळी रेघ मात्र तडा किंवा प्रवाहाची वाट दर्शवते. अशी टोपी बदलावीच लागते.

### इंधनपुरवठा

ठिणगी चांगली असल्यासच इंधनाकडे वळावे. एअर क्लीनर काढून, इंजिन बंद असताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक धार दिसली, तर निदान तेथवर इंधन येते. धार न दिसल्यास टाकी, फिल्टर व यांत्रिक पंप हा मार्ग उलटा तपासत जावे. पंपाचा पडदा फाटल्यास पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. ऑइलची पातळी आपोआप वाढणे व डिपस्टिकला पेट्रोलचा वास येणे ही त्याची खूण होय. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही. ऑइल बदलल्याखेरीज गाडी चालवू नये.

उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन अडखळून बंद पडते व निवल्यावर सुरू होते, यामागे 'व्हेपर लॉक' असू शकतो. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन पंपाला द्रव मिळत नाही. लक्षण तापणाऱ्या कॉइलसारखेच असल्याने बंद पडताक्षणीच ठिणगी तपासणे महत्त्वाचे ठरते. ठिणगी असल्यास पंपावर ओले फडके ठेवल्याने फरक पडतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्या व पडदे यांना मानवत नाही आणि ओलावाही शोषून घेते. अशा गाड्यांत इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवणे श्रेयस्कर असते.

## डिझेल इंजिन

चालू झालेल्या जुन्या डिझेल इंजिनाला ज्वलनासाठी विजेची गरज नसते. ज्या गाड्यांत इंधन बंद करणारा सोलेनॉइड आहे, तेथे फक्त त्याला प्रवाह लागतो. म्हणून रस्त्यात बंद पडलेल्या डिझेल जीपमध्ये सोलेनॉइडची तार पाहिल्यावर संशय इंधनावर, आणि विशेषतः नळीत शिरलेल्या हवेवर घ्यावा.

हवा काढण्यासाठी फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप चालवतात. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की स्क्रू आवळतात. त्यानंतर नोझलकडील नळ्यांचे नट किंचित सैल करून सेल्फ मारतात व डिझेल झिरपू लागताच नट आवळतात. हवा पुनःपुन्हा शिरत असेल तर टाकी ते फीडपंप या मार्गात बारीक छिद्र, सैल क्लिप किंवा फिल्टरचे जुने वॉशर असते. या भागात शोषण होत असल्याने गळती बाहेर दिसत नाही, हवाच आत ओढली जाते. जोडणीवर काही काळ पारदर्शक नळी लावल्यास बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

एक्सडीपीसारख्या, ज्वलनासाठी वेगळा पूर्वकक्ष असलेल्या इंजिनांत थंड सुरुवातीसाठी हीटर प्लग असतात. सकाळी उशिरा सुरू होणे, पांढरा धूर येणे आणि काही क्षण तीनच सिलिंडरवर चालणे, ही प्लग जळाल्याची लक्षणे होत. तार काढून मोजल्यास चांगल्या प्लगचा रोध फार कमी, बहुधा एका ओहमच्या आसपास असतो. जळालेला प्लग मंडळ पूर्ण करीत नाही. इंजिन तापल्यावरही सुरू होत नसेल, तर दोष प्लगचा नाही.

धुराच्या रंगावरून पुढील तर्क करतात. काळा धूर हवेच्या मानाने इंधन जास्त असल्याचे सांगतो: तुंबलेला एअर क्लीनर, टपकणारे नोझल किंवा बिघडलेला पंप. निळसर धूर ऑइल जळत असल्याचा असतो. पांढरा धूर थंड इंजिनात न जळलेल्या डिझेलचा, तर तापलेल्या इंजिनात आणि रेडिएटरमधील पाणी घटत असल्यास हेड गॅस्केटमधून शिरलेल्या पाण्याचा असू शकतो.

## संपीडन व तापमान

विद्युत आणि इंधन या दोन्ही बाजू निर्दोष ठरल्यावरच इंजिन उघडण्याचा विचार करतात. पेट्रोल इंजिनाचे सर्व प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. नेमक्या आकड्याइतकाच चार सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा असतो. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब कमी असल्यास हेड गॅस्केट फुटल्याचा संशय येतो. एकाच सिलिंडरचा दाब कमी असल्यास त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास झडपा किंवा गॅस्केट दोषी ठरते. ही ऑइलची युक्ती डिझेल इंजिनात करू नये, कारण तेथील जागा अतिशय कमी असते.

झडपांची फट कमी झाल्यास त्या पूर्ण मिटत नाहीत व दाब घटतो. हरिकेन इंजिनात आत घेणाऱ्या झडपांची फट वरच्या झाकणाखाली, तर बाहेर सोडणाऱ्यांची बाजूच्या झाकणाआड जुळवावी लागते. बाजूच्या झडपा दुर्लक्षित राहिल्याने इंजिन 'उतरले' असे समजून उघडले जाण्याचा संभव असतो.

इंजिन तापत असल्यास फॅन बेल्ट, पाण्याची पातळी, थर्मोस्टॅट व रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल आणि गवताचे बी पाहावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नये. त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

## पाण्यात बंद पडलेली गाडी

नदी किंवा पाण्याखालचा फरशी पूल ओलांडताना इंजिन बंद पडल्यास लगेच सेल्फ मारणे ही सर्वांत महाग चूक ठरू शकते. हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये शिरले असेल, तर ते दाबले जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर ओढून आधी एअर क्लीनर पाहावा. तो ओला असल्यास पेट्रोल इंजिनाचे प्लग किंवा डिझेल इंजिनाचे नोझल काढून, इंजिन फिरवून पाणी बाहेर काढावे. ऑइलचा रंग दुधाळ झाला असल्यास ते बदलावे. गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलमधील ऑइलही तपासणे आवश्यक असते.

## सुरक्षितता

बॅटरीतून भारणाच्या वेळी ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. जवळ आग किंवा ठिणगी नसावी. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेताना शेवटची ऋण जोडणी बॅटरीऐवजी बंद गाडीच्या इंजिनच्या धातूवर करतात. बॅटरी काढताना ऋण तार आधी सोडतात व बसवताना ती शेवटी लावतात, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी उडत नाही. डिझेल नोझलचा फवारा त्वचेत शिरण्याइतका जोरदार असतो. त्यासमोर हात धरल्यास गंभीर इजा होते व तातडीने शल्योपचार लागतात. गाडीखाली काम करताना केवळ जॅकवर विसंबू नये. चाकांना अटकाव आणि चेसिसला भक्कम आधार द्यावा.